दोन हातांत दोन कांड्या

गेल्या गणपतीत फोंडाघाटला घरी होतो. पाऊस असा लागला होता, की दोन दिवस समोरचा घाट दिसलाच नाही. लाइट अर्थातच गेलेली. माजघरात गणपतीपुढे समई आणि बाहेर ओटीवर एक चार्जिंगचा दिवा. त्या दिव्याभोवती माझा चौदा वर्षांचा पुतण्या, त्याचे दोन मित्र आणि दहा वर्षांची माझी भाची अशी मंडळी कोंडाळं करून बसलेली. मध्ये वीस बाजूंचा फासा, चार कागद, दोन पेन्सिली आणि वाटीभर फुटाणे. फुटाणे खायला नव्हते. ते राक्षस होते.

तर खेळ रंगात आलेला असताना पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या जादूगाराकडे दोन कांड्या आहेत. एक आगीच्या गोळ्यांची, एक जादूच्या बाणांची. हातही दोन आहेत. मग एकाच पाळीत दोन्ही का नाही चालवायच्या?"

खेळाचा सूत्रधार मी, म्हणजे न्यायाधीशही मीच. पुस्तक न उघडताच निकाल दिला, "नाही चालत."

"का पण?"

"नियम आहे."

झोपाळ्यावर आबा, म्हणजे माझे थोरले काका, कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "मेल्या, हात दोन आसत म्हणान जेवताना दोन ताटां घेवन बसतंस काय?"

सगळे हसले. पुतण्या हसला नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं. 'नियम आहे' हे काही उत्तर नव्हे. ऑफिसात नव्या पोरानं 'हा चेक इथे का टाकलाय?' असं विचारल्यावर 'पहिल्यापासून आहे' म्हणणारा सीनिअर आपल्याला कधी आवडलाय? मग मी त्याला म्हटलं, उद्या सांगतो. आणि रात्री सगळे झोपल्यावर लॅपटॉपची उरलीसुरली बॅटरी खर्च करून जुनी नियमपुस्तकं चाळत बसलो.

या वादावादीत भाची कधी उठून "मी मोदक बघते" म्हणत स्वयंपाकघरात गेली, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. पण ते पुढे येईलच.

* * *

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या सिंधुदुर्गात धयकालो होतो, म्हणजे दशावतारी नाटक. त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, आणि मग रात्रभर राजे नि राक्षस आपापल्या अकलेवर बोलतात, भांडतात, मरतात. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे बसून केलेला धयकालो. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र. तलवार लागली का हुकली, हे मात्र फासा ठरवतो. आणि फासा आला म्हणजे नियम आले, नियम आले म्हणजे पळवाटा आल्या.

या खेळांचं मूळ पुस्तक म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ते आणलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं लहानसं गाव आहे, तिथून. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका. पहिल्या खेपेला हजार प्रती, त्याही घरीच खोक्यात भरलेल्या. गॅरेजमधल्या स्टार्टअपची गोष्ट आपल्याला पाठ आहे, तशीच ही. त्या पुस्तिकांत दोन कांड्यांचा प्रश्न येतच नाही. नियम इतके विरळ होते, की अडलं की सूत्रधारानं ठरवायचं आणि पुढे जायचं.

पण खेळ हजारो घरांत पोचला आणि मग जे कुठल्याही सॉफ्टवेअरचं होतं ते झालं. युजर आले!

१९७९ साली गायगॅक्सचं सूत्रधारासाठीचं जाडजूड पुस्तक आलं, 'डंजन मास्टर्स गाइड'. ते वाचताना मला नेहमी जुन्या प्रोजेक्टच्या बग लिस्टची आठवण येते. प्रत्येक नियमामागे कुणीतरी आधी करून ठेवलेला उद्योग दिसतो. जादूच्या अंगठ्यांचंच बघा. एका वेळी दोनच घालता येतील. तिसरी घातलीत तर एकही चालणार नाही. एका हातात एकच. एकाच हातात दोन घातल्या तर त्या दोन्ही बंद. इथवर ठीक. पण पुढे आणखी एक खुलासा आहे, की पायाच्या बोटात किंवा कानाच्या पाळीत घातलेली अंगठी जादूची म्हणून चालणार नाही. म्हणजे जोडवी बाद आणि भिकबाळीही बाद! कुणीतरी पाय पुढे करून 'इथे दहा बोटं अजून शिल्लक आहेत' म्हटल्याशिवाय हे वाक्य लिहिलं गेलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

दोन शस्त्रांचा नियमही त्याच पुस्तकात. दोन्ही हातांत शस्त्र धरा, हरकत नाही. पण मुख्य हाताच्या फाशातून दोन वजा, दुसऱ्या हाताच्या फाशातून चार वजा. पात्र चपळ असेल तर थोडी सूट. आणि दुसऱ्या हातात फक्त खंजीर किंवा लहान कुऱ्हाड. परशुरामाच्या भूमीत जन्मलेल्या माणसाला कुऱ्हाडीची ही दुय्यम जागा जरा लागते. असो.

दोन जादुई काढे एका वेळी प्यायलात तर काय? त्यासाठी शंभराच्या फाशाचा अख्खा तक्ता आहे. बहुतेक वेळा दोन्ही नीट लागू पडतात. पण ०१ पडला तर पोटात स्फोट. शंभर पडले तर दोनांपैकी एका काढ्याचा परिणाम जन्मभरासाठी कायम. मधल्या काही आकड्यांवर विष, काहींवर निम्मा परिणाम. हा तक्ता आबांना समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माशे खाल्ल्यार दूध पिव नको, ताच मा?" अगदी तेच. आपल्याकडे फासा टाकून बघायची कुणाची हिंमत झाली नाही, इतकंच.

आणि सगळ्यांत नामांकित जोडी म्हणजे अथांग पिशवी आणि घडी घालून खिशात ठेवता येणारं भोक. पिशवी आतून अफाट, भोकातही एक खोली मावते. आता पिशवी भोकात ठेवली तर? प्रत्येक टेबलावर कुणी ना कुणी हे विचारतोच. हल्लीच्या नियमाप्रमाणे दोन्ही वस्तू तत्क्षणी नष्ट होतात, दुसऱ्या लोकाचं दार उघडतं आणि दहा फुटांच्या आतले सगळे त्यात ओढले जातात. आपण फंक्शननं स्वतःलाच बोलवायचं आणि थांबायची अट लिहायला विसरायचं, तसला प्रकार. फरक एवढाच, की तिथे फक्त प्रोग्रॅम कोसळतो. इथे शेजारी बसलेलाही जातो, ज्याच्या हातात ना पिशवी होती ना भोक.

हा 'शेजारी बसलेला' लक्षात ठेवा.

* * *

१९९७ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीनं मूळची टीएसआर कंपनी विकत घेतली आणि २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती काढली. माझ्या पिढीतल्या बऱ्याच इंजिनिअरांचा खेळाशी संबंध आला तो इथे. ही आवृत्ती आमच्यासारख्यांनीच लिहिल्यासारखी होती. प्रत्येक फायद्याला एक प्रकार, एक नाव. एकाच नावाचे दोन फायदे एकत्र आले तर साधारणपणे त्यांची बेरीज होत नाही, मोठा असेल तो धरायचा. दोन मेडिक्लेम पॉलिसी असल्या म्हणून एकाच बिलाचे पैसे दोनदा मिळतात का? नाही. तसंच.

आणि मग २००४ साली 'कम्प्लीट आर्केन' नावाचं पुस्तक आलं. त्यात जादूगाराला शिकता येणारं एक कसब होतं, 'डबल वाँड वील्डर'. पुतण्याच्या प्रश्नाचं हे पहिलं अधिकृत 'हो'! अटी अशा: तुम्हाला कांडी बनवता आली पाहिजे आणि दोन शस्त्रांनी लढण्याचं कसबही हवं. दोन्ही हात त्याच कामात. एक कांडी मुख्य, दुसरी दुय्यम. मुख्य कांडीचा एक मार खर्च होतो, दुय्यम कांडीचे एका वेळी दोन. नवी कांडी पन्नास मारांची. म्हणजे दुय्यम हातात गेलेली कांडी पंचवीस वेळांतच संपणार.

कागदावर फार सुंदर नियम. शक्ती हवी तर किंमत मोजा. अर्थशास्त्र चोख.

आता कबुलीजबाब. २००५ च्या सुमारास पुण्यात आम्ही पाच जण दर रविवारी एका मित्राच्या फ्लॅटवर खेळायचो. हे पुस्तक हाती लागल्यावर मी जो जादूगार बनवला, त्याला तोड नव्हती. दोन कांड्या, दर पाळीला दोन मंत्र. मी घरून एक्सेल शीट करून न्यायचो, कुठल्या राक्षसासाठी कुठली जोडी. माझी पाळी आली की मी दोनदा फासे टाकायचो, दोनदा बेरजा, दोनदा वाद. दहा-दहा मिनिटं. आणि पाळी संपेपर्यंत बहुतेक राक्षसही संपलेले.

आमच्यातला एक जण तलवारवाला होता. साधा, सरळ. त्याची पाळी माझ्यानंतर यायची. तो फासा हातात घेऊन बसलेला असायचा आणि टाकायला समोर काही उरलेलंच नसायचं. एका रविवारी त्यानं फासा हातात घेतलाच नाही. मग दोन रविवार ऑफिसचं काम निघालं. मग तो येईनासा झाला. कुणी काही बोललं नाही. महिन्या-दोन महिन्यांत आमचा ग्रुपच बंद पडला आणि आम्ही सगळ्यांनी दोष रिलीजच्या डेडलाइनला दिला.

त्या रात्री फोंड्याला, वीस वर्षांनी, तो नियम पुन्हा वाचताना माझ्या डोक्यात उजेड पडला. नियमानं किंमत लावली होती माझ्या कांडीच्या मारांना. पण मी खर्च करत होतो ती भलतीच गोष्ट. मी दुसऱ्याची पाळी खर्च करत होतो, आणि तिची किंमत कुठल्याच तक्त्यात नव्हती.

पुढच्या आवृत्त्या याच दृष्टीनं वाचल्या तर गंमत दिसते. २००८ साली चौथी आवृत्ती आली. तिच्यात कांडी, दंड, गोलक यांना 'इम्प्लिमेंट' असं एकत्र नाव मिळालं. मंत्र टाकताना फायदा एकाच साधनाचा. त्या आवृत्तीतही पुढे दोन साधनांचं कसब आलंच, 'ड्युअल इम्प्लिमेंट स्पेलकास्टर'. पण त्यात दुसऱ्या हातातल्या कांडीचा आकडा फक्त इजेत मिळवायचा. दुसरा मंत्र नाही, दुसरा फासा नाही, जास्तीचा वेळ नाही. दोन कांड्या हातात धरल्याचं समाधान तुम्हाला, आणि शेजाऱ्याची पाळी शेजाऱ्याला.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं तर प्रश्नच वेगळ्या जागी नेला. भारी जादूच्या वस्तूंशी आधी सूर जुळवावा लागतो, तासभर शांत बसून. त्याला 'अट्यूनमेंट' म्हणतात, आणि एका वेळी अशा तीनच वस्तू. आगीच्या गोळ्यांच्या कांडीला हे लागतं, जादूच्या बाणांच्या कांडीला लागत नाही. दोन्ही कांड्या खुशाल दोन हातांत धरा. पण कांडी चालवणं ही एक कृती, आणि आपल्या पाळीला कृती एकच. दुसऱ्या हातानं जादा वार करायची सवलत आहे, पण ती हलक्या शस्त्रांना, कांडीला नाही. २०२४ मध्ये पुस्तकं सुधारून आली तरी तीन वस्तूंची मर्यादा तशीच आहे. म्हणजे पुतण्याला मी दिलेला निकाल कायद्यानं बरोबर होता.

पण कायद्यानं बरोबर असण्याचं मला त्या रात्री फारसं कौतुक वाटेना.

* * *

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा थांबला. मुलं घरात बसून कंटाळली होती, म्हणून गाडी काढली आणि सावंतवाडीला गेलो. चितारआळीत लाकडी खेळणी घेतली, मोती तलावाला फेरी मारली आणि राजवाड्यात शिरलो. तिथे गंजिफाची पानं रंगवणारे कारागीर बसतात. गोल पानं, लाखेची झिलई, हातानं काढलेले दशावतार.

गंजिफा हा पत्त्यांचाच खेळ, पण आपल्या बावन्न पानांहून बराच वेगळा. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग, शहाण्णव पानं. आपल्या दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे एकशेवीस पानं. रंगांची चिन्हं म्हणजे बहुतेक त्या त्या देवाची आयुधं नि उपकरणं: परशू, बाण, कमंडलू, तलवार... संचागणिक थोडीफार बदलतात. विचार केला तर जादूच्या साधनांचा याहून मोठा कॅटलॉग कुठल्या नियमपुस्तकात आहे?

ही कला जवळजवळ संपली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू केलं. सत्त्वशीलादेवी जुन्या चिताऱ्यांकडून स्वतः ही कला शिकल्या आणि पुढच्यांना शिकवली. २०१८ मध्ये त्या गेल्या. आज राजवाड्यात पानं मिळतात, लोक घेतात, फ्रेम करून भिंतीला लावतात. खेळणारे मात्र क्वचितच दिसतात.

मी मुलांना खेळ सांगायला लागलो. तिघं खेळतात, प्रत्येकाला चाळीस पानं. हुकमाचा रंग वगैरे भानगड नाही. अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या अर्ध्यांत उलटं. आणि पहिली उतारी कुणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. (सूर्य हा ग्लोबल व्हेरिएबल असलेला दुसरा खेळ मला माहीत नाही!)

आणि मग मी स्वतःच अडखळलो. कारण पुढचा नियम असा: ही पहिली उतारी एका पानाची नसते. राजा एकटा टाकायचा नाही, त्याच्याबरोबर एक हलकं पानही टाकायचं. दोन पानं एकदम. एरवी कुणीही मारलं असतं असं ते हलकं पान राजाच्या पालखीला धरून सुखरूप पार पडतं. आणि बाकीच्या दोघांनी काय करायचं? त्यांनीही दोन-दोन पानं टाकायची.

एकशेवीस पानांच्या खेळात दोन आयुधं एका वेळी चालवायची परवानगी आहे. पण एकदाच, सुरुवातीला, तीही सूर्य ठरवील त्या राजाला. आणि एकानं दोन टाकली की सगळ्यांचीच दोन जातात. दोन्ही हात राजा जिंकतो हे खरं, पण त्या पाळीत कुणी नुसतं बघत बसत नाही. पाळी संपते तेव्हा तिघांच्याही हातात सारखीच, अडतीस पानं असतात.

एवढा साधा नियम. मी वीस वर्षं जाडजूड पुस्तकांत काय शोधत होतो कुणास ठाऊक.

* * *

संध्याकाळी घरी आल्यावर पुतण्यानं आबांना सगळा वृत्तान्त दिला. कांड्या, गंजिफा, दोन पानं. आबा झोपाळ्यावरून म्हणाले, "आणि अश्वत्थाम्याचा काय झाला ता सांगूक नाय तुका काकान?"

मग त्यांनी सांगितलं. तसे ते दोन प्रसंग आहेत, दोन्ही महाभारतातले. पहिला उद्योगपर्वातला. अंबेसाठी भीष्म आणि परशुराम तेवीस दिवस लढले. शेवटी दोघांनीही ब्रह्मास्त्र सोडलं. दोन्ही अस्त्रं आकाशात एकमेकांना अडली, कुणापर्यंतच पोचली नाहीत. आकाश तेवढं पेटलं. म्हणजे बेरीज शून्य.

दुसरा प्रसंग सौप्तिकपर्वातला, आणि तो इतका स्वस्तात सुटत नाही. अश्वत्थामा गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो. उलट अर्जुनही तेच सोडतो. तेव्हा नारद आणि व्यास मध्ये येऊन उभे राहतात. दोन सूत्रधार, दोन्ही अस्त्रांच्या मधोमध. व्यास सांगतात, की जिथे हे अस्त्र अस्त्रानं अडवलं जातं तिथे बारा वर्षं पाऊस पडत नाही. अर्जुन आपलं अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला परत घेता येत नाही. त्याला फक्त सोडता येतं. मग ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर जातं. उत्तरेच्या पोटातला परीक्षित मृतच जन्मतो आणि कृष्ण त्याला जिवंत करतो.

ओटीवर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग भाची म्हणाली, "पण ते बाळ तर खेळतच नव्हतं."

मी तिच्याकडे बघितलं. आदल्या रात्री ती का उठून गेली, ते मला तेव्हा कळलं. तिचं पात्र होतं कुलपं उघडणारी चोर. पुतण्याचा जादूगार दोन कांड्यांसाठी भांडत असताना तासभर तिची पाळीच आली नव्हती. आणि मी, सूत्रधार, नियमाची बाजू लढवण्यात गुंग होतो. मला तिथेही पुण्यातला तो तलवारवाला दिसला नव्हता.

* * *

त्या रात्री मी नवा नियम केला. सूत्रधाराला तो अधिकार १९७४ पासून आहे. दोन कांड्या एकदम चालतील. दुसरीचे दोन मार खर्च होतील, हा २००४ चा भाग. आणि जो दोन कृती करील, त्याच्या त्या फेरीत बाकीच्या सगळ्यांनाही दोन-दोन कृती, हा सावंतवाडीचा भाग.

पुतण्यानं पहिल्याच फेरीत दोन्ही कांड्या उचलल्या. आगीचा गोळा पडला, बाण सुटले, सात फुटाणे त्यानं विजयी मुद्रेनं तोंडात टाकले. मग भाचीची पाळी आली. तिनं पहिल्या कृतीत राक्षसांच्या सरदाराच्या कमरेची किल्ली काढली आणि दुसऱ्या कृतीत खजिन्याचं दार उघडून आत गेली. आत जे होतं ते नियमाप्रमाणे जो आधी पोचला त्याचं! पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आबा झोपाळ्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

गंमत म्हणजे त्यानंतर रात्रभरात पुतण्यानं दोन कांड्या आणखी एकदाच वापरल्या. बंदी नव्हती. पण दरवेळी तो आधी सगळ्यांच्या कागदांकडे बघायचा, कुणाला दोन कृती मिळाल्या तर काय होईल याचा हिशोब करायचा आणि मग एकच कांडी उचलायचा. दुसऱ्यांदा वापरल्या त्या एका मित्राचं पात्र मरायला टेकलं होतं तेव्हा. सगळ्यांना दोन-दोन कृती मिळाव्यात म्हणून.

विसर्जन करून घाट चढलो. दाजीपूरला धुकं, राधानगरीला पुन्हा पाऊस. पुण्याला पोचल्यावर दोन-तीन दिवस धीर गोळा केला आणि त्या तलवारवाल्या मित्राला फोन लावला. एरवी लग्नाकार्यात भेटतो आम्ही, पण हा विषय कधी निघालेला नव्हता. म्हटलं, आठवतं का रे, २००५ साली मी तुला सलग चार रविवार एकही फासा टाकू दिला नव्हता?

पलीकडे क्षणभर शांतता. मला वाटलं विसरला असेल. मग त्यानं माझ्या दोन्ही कांड्या कुठल्या होत्या ते सांगितलं. कुठली उजव्या हातात आणि कुठली डाव्या, तेही.

येत्या रविवारी येतोय तो. पहिला फासा त्याचा.